गोळ्या चालू आहेत, तरी सकाळी अंग उठत नाही: स्लीप ॲप्निया आणि नैराश्य एकत्र असेल तर काय करायचं

नैराश्यावरची गोळी सुरू होऊन दोन-तीन महिने झाले. रडू येणं थांबलं, माणसांत बसावंसं वाटू लागलं, पण सकाळचा थकवा जागच्या जागी आहे. डोस वाढवला, गोळी बदलली, तरी तेच. अशा वेळी तिसरी गोळी शोधण्याआधी एक प्रश्न विचारून घ्यावा: झोपेत श्वास अडकतो का?

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. काही जणांत ते इतके सैल पडतात की हवेची वाट अरुंद होते किंवा पूर्ण बंद होते. श्वास १० सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला की त्याला ॲप्निया म्हणतात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो आणि पुन्हा झोप लागते. सकाळी यातलं काहीही आठवत नाही. तासाला असे किती अडथळे आले, तो आकडा म्हणजे एएचआय. ५ ते १४ सौम्य, १५ ते २९ मध्यम, ३० आणि पुढे तीव्र. म्हणजे तीव्र आजारात आठ तास अंथरुणात काढूनही झोपेचे दर दोन मिनिटांनी तुकडे झालेले असतात.

नैराश्याशी याचं नातं दुहेरी आहे. तुटक झोप आणि वरखाली होणारा ऑक्सिजन मनाला खाली ओढतात. नैराश्यात हालचाल कमी होते, वजन वाढतं आणि घसा आणखी अरुंद होतो. त्यात काही गोळ्याही वजन वाढवतात. म्हणून कुणी एकच उपाय दोन्हीला पुरेल असं सांगितलं, तर थोडं थांबून विचार करा. कधीकधी तो पुरतो, पण ते आधीपासून गृहीत धरता येत नाही.

पहिली पायरी: थकवा आणि झोप यांत फरक करा

दोन्ही आजारांत थकवा, चिडचिड, विसराळूपणा, कामावर लक्ष न लागणं आणि लैंगिक इच्छा कमी होणं दिसतं. या तक्रारींवरून काहीच ठरत नाही. फरक कळतो तो पुढच्या गोष्टींवरून.

ॲप्नियात डुलकी खरोखर लागते: टीव्हीसमोर, बैठकीत, गाडीत शेजारच्या सीटवर. निव्वळ नैराश्यातला माणूस बहुधा गळून गेलेला असतो, पण दुपारी आडवा झाला तरी डोळा लागत नाही. घशात घुर्र करून दचकून जाग येणं, सकाळी तोंड कोरडं आणि डोकं जड असणं, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं या खुणा श्वासाकडे बोट दाखवतात. कशातच रस न वाटणं, आपण निकामी आहोत असं वाटत राहणं, अपराधी वाटणं, पुढचं काही दिसत नाही ही भावना मात्र घोरण्याने येत नाही. ती असेल तर नैराश्याचे स्वतंत्र उपचार लागतात, स्लीप स्टडीचा (झोपेतल्या श्वासाच्या तपासणीचा) रिपोर्ट काहीही येवो.

जीव द्यावासा वाटत असेल, तर हा लेख, तपासणी सगळं बाजूला ठेवा आणि आजच डॉक्टर गाठा किंवा जवळच्या इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जा. सोबत कुणाला तरी घ्या.

स्त्रियांच्या बाबतीत इथे हमखास चूक होते. त्यांच्यात घोरणं कमी किंवा हळू असू शकतं. तक्रार निद्रानाश, थकवा, उदासपणा अशी येते आणि चिठ्ठीवर थेट नैराश्याची गोळी पडते. पाळी गेल्यानंतर ॲप्नियाचा धोका वाढतो, त्यामुळे त्या वयात नव्याने आलेल्या थकलेल्या उदासपणात श्वासाचा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दुसरी पायरी: तीन आकडे कागदावर घ्या

डॉक्टरांकडे जाताना तीन प्रश्नावल्या भरून न्या. एकूण पंधरा मिनिटं पुरतात.

स्टॉप-बँग: आठ प्रश्न, प्रत्येक होकाराला एक गुण. मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, श्वास थांबलेला कुणी पाहिला आहे का, उच्च रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, आणि पुरुष असणं. ० ते २ कमी धोका, ३-४ मध्यम, ५ आणि पुढे जास्त. मान कंठमण्याच्या उंचीवर, टेप न आवळता मोजा. नैराश्य असेल तर थकव्याचा गुण आपोआप मिळतो, हे लक्षात ठेवून बाकीचे गुण बघा.

एपवर्थ: आठ प्रसंगांत डुलकी लागण्याची शक्यता, प्रत्येकी ० ते ३, एकूण २४. १० च्या वर गेलं तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर आहे.

पीएचक्यू-९: नैराश्याचे नऊ प्रश्न, एकूण २७. १० किंवा जास्त आले तर नीट तपासणी हवी. इथे फक्त बेरीज बघू नका. तिसरा प्रश्न झोपेचा, चौथा थकव्याचा, सातवा लक्ष लागण्याचा, आणि या तिन्हींत ॲप्निया एकटाच पूर्ण ९ गुण मिळवून देऊ शकतो. समजा बेरीज १२ आहे आणि त्यातले ९ या तिघांचे आहेत, तर श्वासाची तपासणी आधी. पण पहिला प्रश्न (रस न वाटणं), दुसरा (उदासपणा) आणि सहावा (स्वतःबद्दल वाईट वाटणं) भरलेले असतील, तर नैराश्य त्याच्या जागी खरं आहे. नववा प्रश्न आत्महत्येच्या विचारांचा. तिथे शून्य सोडून काहीही असेल तर डॉक्टरांना तोंडी सांगा. कागद चाळताना तो नजरेतून सुटू शकतो.

खोलीत दुसरं कुणी झोपत नसेल तर फोन उशाशी ठेवून रात्रभराचा आवाज रेकॉर्ड करा. एकसारखं घोरणं ही एक गोष्ट. घोरणं, मग शांतता, मग धापा टाकल्यासारखा मोठा श्वास, ही दुसरी. दुसरी ऐकू आली तर तो भाग कापून डॉक्टरांना ऐकवा.

तिसरी पायरी: स्लीप स्टडी, आणि तिचा आकडा कुठे फसवतो

घरच्या तपासणीत नाकाशी एक नळी, छातीला पट्टा आणि बोटाला ऑक्सिमीटर असतो. ही तपासणी मेंदूची झोप मोजत नाही, फक्त श्वास मोजते. त्यामुळे अडथळ्यांची संख्या ती रेकॉर्डिंगच्या एकूण तासांनी भागते. नैराश्यात माणूस अंथरुणात तासन्‌तास जागा पडलेला असतो, आणि आकडा तिथेच घसरतो. समजा ८ तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये ९० अडथळे आले. भागाकार ११, म्हणजे सौम्य. पण खरी झोप ५ तासच लागली असेल तर आकडा १८, म्हणजे मध्यम. उपचारांचा निर्णय यावर बदलू शकतो. म्हणून निद्रानाश जोरात असेल, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार असेल, किंवा अफूवर्गातली वेदनाशामकं चालू असतील, तर प्रयोगशाळेतली पूर्ण रात्रीची तपासणी मागून घ्यावी. घरची तपासणी नॉर्मल आली आणि लक्षणं बोलकी असली, तरीही तेच.

तपासणीसाठी नैराश्याची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बहुतेक अशा गोळ्या रेम झोप, म्हणजे स्वप्नांची झोप, दाबतात. अचानक थांबवल्या की ती दाबलेली झोप उसळून वर येते आणि त्या रात्रीचं चित्र तुमच्या रोजच्या रात्रीसारखं राहत नाही. गोळ्यांची नावं, डोस आणि वेळा फॉर्मवर लिहा. त्या संध्याकाळी दारू नको. ऑक्सिमीटर लावायच्या बोटाचं नेलपॉलिश काढून टाका.

रिपोर्ट हातात आला की पहिल्या पानावरच्या एएचआयवर थांबू नका. आणखी चार ओळी शोधा: रेम झोपेतला एएचआय, पाठीवर झोपल्यावरचा एएचआय, ऑक्सिजनची सर्वांत खालची पातळी, आणि पायांच्या झटक्यांचा आकडा. रेम आणि पायांचे आकडे फक्त प्रयोगशाळेच्या रिपोर्टमध्ये मिळतात. रेममध्ये घसा सर्वांत ढिला असतो. गोळीमुळे रेम कमी झाली असेल तर त्या टप्प्यातला ॲप्निया तपासणीत थोडाच दिसतो. पायांचे झटके नैराश्याच्या अनेक गोळ्यांमुळे वाढतात, आणि श्वास मोकळा ठेवणारं मशीन (पाचवी पायरी) लावूनही झोप तुटत राहण्याचं ते एक कारण असतं.

त्याच फेरीत थायरॉइडची टीएसएच, हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२ करून घ्या. थायरॉइड मंद असेल तर थकवा, उदासपणा, वजन आणि घशाची सूज हे सगळं एकटं तेच करू शकतं. फेरिटिन कमी असेल तर पाय रात्री अस्वस्थ होतात.

चौथी पायरी: गोळ्यांची यादी श्वासाच्या बाजूने वाचा

मानसोपचारतज्ज्ञांना ॲप्नियाबद्दल सांगितलंच नसेल, तर त्यांनी वजन किंवा सुस्ती वाढवणारी गोळी दिली म्हणून दोष देता येत नाही. सांगितल्यावर मात्र निवड बदलू शकते.

सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम, फ्लुओक्सेटिन या एसएसआरआय गटातल्या गोळ्या घशाचे स्नायू सैल करत नाहीत. त्या घेताना ॲप्निया आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. त्रास असतो तो झोप उथळ होणं, घाम, पायांची अस्वस्थता आणि झोपेत दात खाणं यांचा. झोप उडत असेल तर गोळी सकाळी घेता येते का ते विचारा. याच गटातल्या पॅरोक्सेटिनने वजन वाढण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त.

व्हेन्लाफॅक्सिन आणि ड्युलोक्सेटिन रक्तदाब वाढवू शकतात. ॲप्नियात रक्तदाब अनेकदा आधीच चढलेला असतो, म्हणून सुरू करताना आणि डोस वाढवल्यावर तो मोजत राहा.

मिर्टाझापिनची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. ती झोप आणते, भूक वाढवते आणि वजन चढवते. एके काळी ती ॲप्नियावर चालेल अशी आशा होती. नंतरच्या नियंत्रित चाचण्यांत श्वास सुधारला नाही आणि वजन मात्र वाढलं. म्हणून ॲप्निया असलेल्या, आधीच वजन जास्त असलेल्या माणसासाठी ती पहिली निवड नसावी. याचा अर्थ ती घेऊच नये असा नाही. कुणाला दुसरं काहीच लागू पडत नसेल तर ती घ्यावी, पण दर आठवड्याला वजन काट्यावर बघावं. ॲमिट्रिप्टिलिनचंही वजनाच्या बाबतीत तसंच, शिवाय तिने तोंड फार कोरडं पडतं.

ब्युप्रोपिऑन वजन वाढवत नाही आणि सुस्ती आणत नाही, त्यामुळे इथे ती सोयीची वाटते. पण फिट्सचा इतिहास असेल तर ती चालत नाही, आणि दुपारनंतर घेतली तर रात्र जागून निघते.

नैराश्याच्या गोळीसोबत 'झोपेसाठी' म्हणून आलेल्या गोळ्या जास्त काळजीच्या. अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम, डायझेपॅम घशाचे स्नायू सैल करतात आणि श्वास थांबल्यावर मेंदूला जाग यायला उशीर लावतात. दारूही तेच करते, आणि दोन्ही एकत्र घेतली तर धोका जिवावरचा. क्वेटियापिन थोड्या डोसमध्ये झोपेसाठी दिली जाते, तिनेही वजन वाढतं. यांतलं काही महिनोन्‌महिने चालू असेल तर एकदम बंद करू नका. अल्प्राझोलॅमसारख्या गोळ्या अचानक थांबवल्या तर फिट येऊ शकते. डॉक्टरांकडून हळूहळू उतरवून घ्या.

नैराश्याची कोणतीही गोळी ॲप्नियाचा उपचार नाही. आणि २५ वर्षांखालच्या व्यक्तीला पहिल्यांदा अशी गोळी सुरू होत असेल किंवा डोस बदलत असेल, तर सुरुवातीचे काही आठवडे आत्महत्येच्या विचारांवर घरच्यांचं लक्ष हवं.

पाचवी पायरी: नैराश्य असताना सीपॅप टिकवायचं कसं

सीपॅप म्हणजे मास्कमधून हवेचा हलका दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी ते पहिल्यांदा मांडलं, आणि मध्यम-तीव्र ॲप्नियात आजही तोच मुख्य उपचार आहे. मशीन काम करतं. अडतं ते रोज लावण्यापाशी, आणि नैराश्यात नेमकी तीच शक्ती नसते. म्हणून रात्री अकराला अंधारात पहिल्यांदा मास्क चढवू नका.

पहिले तीन-चार दिवस दिवसा, खुर्चीत बसून, १५-२० मिनिटं. आधी मास्क नुसता हातात धरून नाकाला लावा, मग पट्टे बांधा, मग मशीन सुरू करा. गुदमरल्यासारखं झालं तर एक पायरी मागे या. त्यानंतर दुपारी आडवं पडून अर्धा तास, आणि मग रात्र.

पट्टे झोपलेल्या स्थितीत, मशीन चालू ठेवून जुळवा. उभं राहून बांधलेल्या मास्कमधून आडवं पडल्यावर हवा गळते, कारण चेहऱ्याचा आकार बदलतो. गळती वाटली की लोक पट्टे करकचून आवळतात. त्याने मास्कची मऊ कड, म्हणजे उशी, दबते, गळती वाढते आणि नाकाच्या हाडावर जखम होते. आधी मास्क चेहऱ्यापासून थोडा उचलून पुन्हा बसवा, पट्ट्याला हात त्यानंतर.

बऱ्याच मशीनवर दाब ४ (सेंटिमीटर पाणी, हे दाबाचं एकक) पासून सुरू होऊन हळूहळू चढतो. काहींना ४ वर हवा पुरत नाही आणि घाबरल्यासारखं होतं. सुरुवातीचा दाब ५-६ करून घेतला की बहुधा ही तक्रार जाते. तंत्रज्ञाला फोन करा, मशीन कपाटात ठेवू नका.

गोळ्या आणि मास्क यांच्या भांडणाचे दोन प्रकार नेहमीचे. तोंड कोरडं पडणं: अर्धं गोळीचं, अर्धं हवेचं. ह्युमिडिफायरची (हवा दमट करणाऱ्या टाकीची) पातळी एकेक अंकाने वाढवा, नळीत पाणी जमू लागलं तर गरम होणारी नळी मागा, तोंड उघडं राहत असेल तर तोंड-नाक दोन्ही झाकणारा मास्क वापरून बघा. तरी नाही जमलं तर गोळी बदलण्याबद्दल बोला. दुसरा प्रकार घाम: एसएसआरआय किंवा व्हेन्लाफॅक्सिनच्या घामाने मास्क घसरतो. झोपण्याआधी चेहरा धुवा, क्रीम लावू नका, कापडी अस्तर वापरा. मास्कची उशी रोज सौम्य साबणाने धुवा, टाकीत डिस्टिल्ड पाणीच घाला.

आता तासांचा प्रश्न. रात्री ४ तास वापर म्हणजे 'नियमित' असा एक माप सगळीकडे धरला जातो. ते नोंदीपुरतं ठीक आहे. रेम झोप रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात जास्त असते आणि श्वासही तेव्हाच जास्त अडतो. पहाटे तीनला मास्क काढून ठेवणारा माणूस सर्वांत वाईट तास उघड्या घशाविना काढतो आणि मग म्हणतो, मशीनने मूड सुधारला नाही. लघवीला उठल्यावर मास्क परत लावायचा, एवढी एक सवय लावली तरी तासांत मोठा फरक पडतो.

मनःस्थितीवर परिणाम किती? २०१५ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ॲप्नियाच्या तपासणीसाठी आलेल्यांत पीएचक्यू-९ चे गुण १० किंवा जास्त असण्याचं प्रमाण खूप होतं. तीन महिने रोज सरासरी किमान ५ तास मशीन वापरणाऱ्या २२८ जणांत ते जवळजवळ ४ टक्क्यांवर उतरलं. त्यात तुलनेसाठी मशीनविना गट नव्हता, आणि जे मशीन टिकवतात ते मुळात बरे होण्याच्या वाटेवर असू शकतात, हे धरून तो आकडा वाचावा. आशा ठेवायला मात्र तो पुरेसा आहे.

मास्क लावल्यावर झोपच लागत नसेल तर निद्रानाश हा तिसरा सोबती आहे. त्यावर झोपेच्या गोळीपेक्षा निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत चांगली, आणि ती मशीनसोबत चालवता येते.

सहावी पायरी: एका वेळी एकच बदल

एका वहीत दर दोन आठवड्यांनी चार नोंदी: पीएचक्यू-९, एपवर्थ, मशीनचे सरासरी तास, आणि मशीनने दाखवलेला उरलेला एएचआय (तो ५ च्या खाली हवा). मशीन आणि नवी गोळी शक्यतो एकाच आठवड्यात सुरू करू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कधीच कळत नाही. नैराश्य तीव्र असेल तर हा नियम मोडायचा आणि दोन्ही लगेच सुरू करायचं. गोळीचा पूर्ण परिणाम दिसायला पुरेशा डोसवर ४ ते ६ आठवडे लागतात, मशीनला साधारण ३ महिने द्यावेत.

मग वही वाचा. दोन्ही गुण उतरले: चालू तसंच ठेवा. एपवर्थ उतरला पण उदासपणा तसाच: श्वासाचं काम झालं, आता गोळी किंवा समुपदेशन वाढवायचं. उदासपणा गेला पण झोप येतच राहते: आधी तास आणि गळती तपासा, मग पायांचे झटके, मग गोळीची सुस्ती. हे सगळं नीट असूनही झोप येत असेल तर मोडाफिनिलसारखं औषध दिलं जातं. त्याने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो आणि एस्सिटालोप्रॅमची रक्तातली पातळी वाढू शकते, हे सांगून ठेवा. काहीच उतरलं नाही: नैराश्याला 'उपचारांना न जुमानणारं' असं नाव देण्याआधी निदानच पुन्हा बघायला हवं, त्यात बायपोलरचीही (मन कधी फार खाली, कधी फार वर जाणाऱ्या आजाराची) शक्यता आली.

मशीनने चार आठवड्यांत ताजंतवानं वाटलं म्हणून गोळी बंद करणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. दोन-तीन दिवसांत चक्कर, डोक्यात विजेचे झटके, भडक स्वप्नं सुरू होऊ शकतात, पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनने विशेष. मग लोक मशीनला दोष देतात. बरं वाटू लागल्यापासून किमान ६ महिने गोळी चालू ठेवतात, आणि उतरवायची ती टप्प्याटप्प्याने. पूर्वी नैराश्य येऊन गेलं असेल तर त्याहून जास्त काळ.

वजन जास्त असेल तर त्याचं काम समांतर चालू ठेवा. लठ्ठपणासोबतच्या मध्यम-तीव्र ॲप्नियासाठी टिर्झेपॅटाइड या इंजेक्शनला अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. सौम्य ॲप्नियात किंवा मशीन अजिबात सहन न झाल्यास जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरण हा पर्याय आहे, पण गोळीमुळे दात खाण्याची सवय लागली असेल तर दंतवैद्याला आधी सांगा, ते झिजतं.

एपवर्थ १० च्या खाली येईपर्यंत लांबचं ड्रायव्हिंग टाळा. वजन १० टक्क्यांनी वर-खाली झालं, सुस्ती आणणारी नवी गोळी आली, किंवा थांबलेलं घोरणं मास्क असूनही परत ऐकू आलं, तर दाब पुन्हा तपासून घ्या. आणि कोणत्याही ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना ॲप्निया आणि सगळ्या गोळ्या सांगा. इस्पितळात जाताना मशीन, मास्क आणि वायर एकाच पिशवीत भरा, वायर घरी राहण्याचा प्रकार फार होतो.